आठवीपर्यंत शिकलेल्या निवृत्त गवंड्याला प्रौढ साक्षरता वर्गात शिकवता येईल का?

येईल, आणि जरूर जा. तुम्ही लिहिलंय की आयुष्यभर गवंडीकाम केलं, शाळा आठवीतच सुटली, आणि संस्थेत गेल्यावर ‘हा काय शिकवणार’ असं कुणी म्हणेल याची धास्ती वाटते. मी सुतारकाम थांबवल्यापासून अशाच एका संस्थेत शिकवतो. अक्षरओळख करून द्यायला तुमचं लिहिणं-वाचणं पुरेसं आहे, पद्धत संस्था समजावून सांगते. हाताखाली आलेल्या नवख्या माणसाला तयार करणं मात्र पुस्तक वाचून येत नाही. ते तुम्ही वर्षानुवर्षं केलंय.

वर्गात येणारी माणसं हुशार असतात. तोंडी हिशेब चोख, व्यवहार पक्का. भीती असते ती चारचौघांत चुकण्याची. म्हणून ती अडली तरी थांबायचं, पेन्सिल आपल्या हातात घ्यायची नाही. शिकाऊ पोराच्या हातातली थापी दर वेळी काढून घेतली असती, तर तो भिंत कधी बांधायला शिकला असता?

डोळ्यांकडे आधी बघा, हे मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला कळकळीने सांगतो. चाळिशी उलटलेल्या माणसाला जवळचं धूसर दिसतं. ज्याने कधी वाचलंच नाही त्याच्या ते लक्षात आलेलं नसतं. अक्षरं एकमेकांत मिसळतात आणि तो समजतो, आपलं डोकंच चालत नाही. चांगली शिकू शकणारी माणसं यामुळे वर्ग सोडतात. आधी डोळे तपासून घ्यायला सांगा.

कष्टाचा हात पेन्सिल फार दाबतो, लगेच दुखू लागतो. सुरुवातीला पाटी घ्या, अक्षरं मोठी काढू द्या. आणि ‘क, ख, ग’ या क्रमाला चिकटून राहू नका. ‘व’ आला की पोटात तिरकी रेघ मारून ‘ब’ होतो, उजवीकडे वळण काढलं की ‘क’ होतो. एका बैठकीत तीन अक्षरं हाती लागली की माणसाचा चेहरा बदलतो.

शब्द त्यांच्या कामातले घ्या. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी हेच केलं. १९६३ साली आंजिकोस गावात सुमारे ३०० मजुरांसाठी त्यांनी घेतलेले ४० तासांचे वर्ग जगभर गाजले. मजुरांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द घ्यायचा, त्याचे तुकडे पाडायचे, त्या तुकड्यांतून नवे शब्द जुळवू द्यायचे. ‘वीट’ हाही त्यांच्या शब्दांपैकी एक. मराठीत करून बघा: व, वा, वि, वी आणि ट, टा, टि, टी. एवढ्यातून वाट, वाटा, वाटी, विटा, विटी निघतात, आणि ते शिकणाऱ्यानेच शोधलेले असतात. वीट कशी लिहितात हे तुमच्याकडून शिकायला त्यांना आवडेल, याची मला खात्री आहे.

कुणाला सही करायची असते, कुणाला औषधाची चिठ्ठी वाचायची असते, कुणाला मोबाइलवरचा नातवाचा निरोप. ते पहिल्याच दिवशी विचारा आणि तिथून सुरू करा.

संस्थेत गेलात की आधी काही वर्ग नुसते बसून बघायची परवानगी मागा. आठवड्यातले कोणते दिवस न चुकता देता येतील, हे मात्र घरी बोलूनच जा. शिकवणाराच येईनासा झाला, तर मोठ्या हिमतीने आलेली माणसं पुन्हा वर्गाकडे फिरकत नाहीत.