वडील बाईकवरून पडले, डोक्याला मार लागला, दोन महिने झाले. आता स्ट्रोकचा धोका असतो का?

हो, असतो, आणि पहिले काही महिने जास्तच. तैवानमध्ये २०११ साली एक मोठा अभ्यास आला होता, त्यात पहिल्या ३ महिन्यांत धोका साधारण १० पट दिसला, कवटी फ्रॅक्चर असेल तर जवळपास २० पट, पुढे तो कमी होतो पण ५ वर्षांनीही दुप्पट होताच. वय, बीपी, शुगर, तंबाखू, हार्टचे ठोके अनियमित असणं हे नेहमीचं आहेच, पण लोक मान विसरतात हो! पडताना मानेला हिसका बसला तर कधी कधी रक्तवाहिनीचा आतला पापुद्रा फाटतो, तिथे गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत जाऊ शकते. मानेच्या एकाच बाजूला नवीन दुखतंय, एक पापणी खाली आलीय, त्या डोळ्याची बाहुली बारीक दिसतेय, तर थांबू नका.

रक्त पातळ करायची गोळी आधीपासून असेल तर ती मनाने बंद किंवा चालू करू नका, प्लीज, न्यूरोच्या डॉक्टरांनाच विचारा. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं की लगेच १०८ ला फोन, आणि हॉस्पिटलमध्ये गेल्या गेल्या सांगा की दोन महिन्यांपूर्वी डोक्याला मार लागलाय, कारण जबर मार ३ महिन्यांच्या आतला असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा देत नाहीत.