पॉपीची बी उगवत नाही, उगवली तर रोपं मरतात: चुकतं कुठे?

प्रश्न: पॉपी या फुलझाडाची बी दोनदा पेरली. पहिल्यांदा बोटाच्या पेराएवढी खोल टाकली, काहीच उगवलं नाही. दुसऱ्यांदा ट्रेमध्ये भरपूर उगवली, पण मोठ्या कुंडीत लावल्यावर चार दिवसांत सगळ्यांनी माना टाकल्या. बीपासून पुन्हा बी धरेपर्यंत हे झाड कसं वाढतं आणि माझं काय चुकतंय?

उत्तर:

दोन्ही वेळा बी ठीकच असणार. पहिल्यांदा ती गाडली गेली, दुसऱ्यांदा रोपांची मुळं दुखावली. पॉपी हातची जाते ती बहुतेक वेळा याच दोन कारणांनी.

बी तळहातावर घेऊन बघा. राजम्याच्या आकाराची, पण धुळीच्या कणाएवढी. भिंगाखाली धरली तर अंगावर जाळी दिसते. एका ग्रॅममध्ये साधारण आठ-दहा हजार बिया मावतात, तेव्हा एकेकीच्या पोटातली शिदोरी ती केवढी! तेवढ्यावर कोंब फार तर २-३ मिलिमीटर माती भेदून वर येतो. शिवाय उगवायला हिला उजेड लागतो. खोल पडलेली बी लगेच मरत नाही, झोपून राहते, आणि ही झोप कित्येक वर्षं टिकू शकते. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी उकरलेल्या, बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या जमिनीवर लाल पॉपींचा सडा पडला तो अशाच झोपलेल्या बियांमुळे. त्या पहिल्या कुंडीतली माती फेकली नसेल तर वरखाली करून बघा, अजूनही काही उगवतील.

पुढचं सगळं मुख्यतः लाल रानपॉपी आणि तिच्यातून निवडलेली शर्ली पॉपी यांच्याबद्दल आहे. पहिल्यांदा लावणाऱ्याने हीच लावावी. एका हंगामात सगळं आयुष्य उरकते. आइसलँड पॉपी नाजूक, ऊन तापलं की संपली. ओरिएंटल पॉपी बहुवर्षायू आहे: पहिल्या वर्षी सहसा नुसती पानं, आणि फुलायला तिला मधे कडक थंडी लागते. जिथे तशी थंडी पडत नाही तिथे तिच्या नादी लागू नये. कॅलिफोर्निया पॉपी याच कुळातली पण वेगळ्या प्रजातीची. पेरायची रीत तीच.

स्वयंपाकघरातली खसखस मात्र पेरू नका. ती अफूची बी आहे, आणि अफूचं झाड परवान्याशिवाय लावणं अनेक देशांत गुन्हा आहे, शोभेसाठी लावलं तरी. पाकिटात चुकून मिसळून आलीच तर ओळखायला सोपी: अफूची पानं निळसर-राखाडी, गुळगुळीत, दांड्याला मिठी मारून बसलेली, रानपॉपीची हिरवी, खोल कातरलेली, आणि दांड्यावर ताठ केसांची लव.

पेरणी

रात्री गार आणि दिवसा कोवळं ऊन, हा हिचा काळ. मातीचं तापमान १० ते १८ अंश सेल्सिअस असेल तर उगवण चांगली होते. त्याच्या बरंच वर गेलं की घटते. उन्हाळा कडक असेल तिथे थंडीच्या तोंडावर पेरा, बर्फ पडत असेल तिथे शरद ऋतूत किंवा वसंताच्या सुरुवातीला. हवा पुरेशी गार नसेल तर बी ओलसर वाळूत मिसळून दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवावी (फ्रीझरमध्ये नव्हे) आणि वाळूसकट पेरावी. उगवण एकसारखी होते.

जागा दिवसाला किमान सहा तास उन्हाची हवी. कुंडी २५-३० सेंटीमीटर खोल, कारण सोटमूळ सरळ खाली जातं. दोन भाग बागेची माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट, एवढं पुरे. ताजं शेणखत किंवा युरिया घालू नका. नत्र जास्त झालं की पानं तरारतात, दांडे पोकळ आणि लुसलुशीत होतात, आणि पहिल्या वाऱ्याला झाड आडवं.

पेरायच्या आदल्या दिवशी माती भरपूर भिजवा आणि वरचा थर हाताने बारीक करून तळव्याने हलका दाबा. एका चौरस मीटरला पाव ग्रॅम बी खूप झाली. ती एक-दोन मुठी कोरड्या बारीक वाळूत कालवा आणि अर्धं मिश्रण उभं, अर्धं आडवं भुरभुरा. वाळू पांढरट असेल तर कुठे पडली, कुठे राहिली हे दिसतं. वरून माती टाकायची नाही. पुन्हा तळव्याने दाबायचं, म्हणजे बी मातीला चिकटते. पाणी फवाऱ्याने, किंवा कुंडी परातीत ठेवून खालून. झारीची जाड धार पडली की सगळ्या बिया एका कोपऱ्यात वाहून जातात, आणि मग तिथे गवतासारखा पुंजका उगवतो.

उगवायला १० ते २० दिवस लागतात. तोवर वरचा एक सेंटीमीटर थर कोरडा पडू देऊ नका. भिजलेली बी एकदा वाळली की गेली.

उगवल्यानंतर

पहिली दोन पानं सुतासारखी बारीक असतात. तण समजून उपटली जातात ती इथेच. त्यानंतरची पानं आधी साधी, मग कातरलेली. पुढे तीन-चार आठवडे झाड जागचं हलत नाही असं वाटतं. मातीलगत पानांचा एक चपटा झुपका, बस. खाली मात्र सोटमूळ वेगाने उतरत असतं. खत घालून घाई करण्याचा मोह याच वेळी होतो, तो आवरा.

तुमची दुसरी फजिती याच सोटमुळाची. त्याला फुटवे कमी असतात. टोक तुटलं की पाणी ओढणारे बारीक तंतूही जातात आणि झाड ती तूट वेळेत भरून काढत नाही. म्हणून पेरलं तिथेच वाढवणं उत्तम. ट्रेशिवाय गत्यंतरच नसेल तर कागदाच्या ८-१० सेंटीमीटर लांब नळ्या करा, प्रत्येकीत चार-पाच बिया टाका, एकच रोप ठेवा, आणि दोन-चार खरी पानं आली की, मूळ नळीच्या बुडातून डोकवायच्या आत, नळीसकट जमिनीत बसवा. नळीचा काठ मातीवर राहू देऊ नका. तो वातीसारखा ओलावा उडवतो.

विरळणीला बहुतेकांचं मन धजत नाही, आणि तिथेच हंगाम जातो. पाव ग्रॅममध्ये दोन हजारांवर बिया होत्या आणि शेवटी चौरस मीटरला २५ ते ४० झाडं राहायला हवीत, हा हिशेब लक्षात ठेवा. रोपं दोन-तीन सेंटीमीटरची झाली की पाच सेंटीमीटरवर एक ठेवा, आणखी तीन आठवड्यांनी १५-२० सेंटीमीटरवर एक. तीस सेंटीमीटर रुंद कुंडीत तीन, फार तर चार. नको असलेलं रोप उपटू नका, छोट्या कात्रीने मातीलगत कापा. उपटताना शेजारणीचंही मूळ हलतं. दाट ठेवलेली रोपं बोटभर वाढून एकेकच फूल देतात, आणि वारा खेळत नसल्याने रोगही आधी तिथेच शिरतो.

रोगांपैकी लहानपणीचा रोपे कोलमडण्याचा रोग सर्वांत वाईट. देठ मातीलगत काळपट, दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रोप आडवं पडतं. ओल जास्त आणि हवा कोंडलेली, हे कारण. पडलेली वाचत नाहीत. उरलेल्यांचं पाणी कमी करा, झाकण असेल तर काढा. पुढे पानांवर वरून पिवळे डाग आणि खालून राखाडी बुरशी दिसली तर तो केवडा नावाचा बुरशीचा रोग: ती पानं काढून टाका आणि संध्याकाळी वरून पाणी देणं थांबवा. काळा मावा कळ्यांच्या देठांवर बसतो. पाण्याच्या फवाऱ्याने झटकला किंवा बोटाने पुसला तरी पुरतं. रोपं रात्रीत गायब होत असतील तर गोगलगाय शोधा.

कळी, फूल, बोंड

दिवस मोठे होऊ लागले की झुपक्यातून केसाळ दांडे उठतात. उगवणीपासून फुलापर्यंत साधारण दोन ते तीन महिने. थंडीआधी पेरलेली झाडं हिवाळाभर झुपक्यातच बसून राहतात, पण फुलतात जास्त. कळीची मान खाली वाकलेली असते. पाणी कमी पडलं समजून इथे कुंडी बुडवली जाते! कळी लोंबते ती वाढीची रीत आहे. उमलायच्या सुमारास देठ आपोआप सरळ होतो. सकाळी दोन केसाळ हिरवी आवरणं फाटून गळतात आणि आतून चार पाकळ्या निघतात, मुठीत चुरगाळलेल्या रेशमी कापडासारख्या. थोड्याच वेळात सुरकुत्या जातात. फूल एक-दोन दिवसांचं. मध नसतो, मधमाश्या येतात त्या काळ्या-जांभळ्या परागासाठी. फुलदाणीत ठेवायचं असेल तर कळीच्या फटीतून रंग दिसताच कापा आणि देठाचं टोक उकळत्या पाण्यात पंधरा-वीस सेकंद धरा, नाहीतर चीक गळून फूल तासाभरात मान टाकतं. हा चीक विषारी आहे. हात धुवा, आणि जनावरांना झाड खाऊ देऊ नका.

पाकळ्या गळल्या की बोंड खुडत राहा; नव्या कळ्या येत राहतात. बियांसाठी धडधाकट झाडांवरची मोजकीच बोंडं ठेवा. तीन-चार आठवड्यांत ती गवती रंगाची होतात आणि माथ्यावरच्या चकतीखाली बारीक भोकांची रांग उघडते. वाऱ्याने दांडा हलला की मिरपुडीच्या डबीसारखी बी शिंपडली जाते. हलवल्यावर खुळखुळ वाजलं की कोरड्या दिवशी देठासकट कापून कागदी पिशवीत उलटं टांगा, आठवडाभराने चहाच्या गाळणीतून गाळा आणि कागदी पाकिटात, कोरड्या गार जागी ठेवा. हिरवं कापलेलं बोंड पिशवीत बुरसतं.

रानपॉपी स्वतःच्या परागाने फळत नाही, म्हणून बियांसाठी शेजारी दुसरं झाड हवंच, आणि म्हणूनच रंगही मिसळतात. १८८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या शर्ली गावच्या विल्यम विल्क्स या पाद्रींना पांढऱ्या कडेचं एक फूल दिसलं. त्याची बी वर्षानुवर्षं निवडून त्यांनी फिक्या रंगांची शर्ली पॉपी तयार केली. तुम्हालाही ठरावीक रंग टिकवायचा असेल तर नको त्या रंगाचं झाड पहिलं फूल उमलताच काढा, मधमाशी पोचायच्या आत. पुढच्या हंगामात फरशीच्या फटीतही रोपं दिसतील. ती उचलून कुंडीत लावू नका. आहे तिथे फुलू द्या, नाहीतर कापून टाका.