मुलीला प्रसारणातल्या सुरक्षिततेचं काम करायचंय, पण तसं पद आहे का?

सातारा जिल्ह्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. टीव्हीच्या प्रक्षेपण केंद्रावर तंत्रज्ञ म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली, केंद्र बंद व्हायच्या आदल्या वर्षी ते निवृत्त झाले. मुलगी बीएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. दूरदर्शन-आकाशवाणीसारख्या संस्थेत कामगारांची सुरक्षितता आणि पर्यावरण हे काम करायचं, असं तिच्या मनात आहे. वडील विचारतात, "असं पद कुठं असतं का? की तिला सरळ बी.एड. करायला सांगू?"

नमस्कार काका,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. "कपाट उघडलं की आधी अर्थिंग रॉड, मग हात, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं आणि मी शेवटच्या दिवसापर्यंत पाळलं." ज्यांनी जुना प्रक्षेपक, म्हणजे टीव्हीचा ट्रान्समीटर, पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. त्याचं दार उघडलं की दाराला जोडलेल्या इंटरलॉकमुळे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खटक्यामुळे, उच्च दाबाचा वीजपुरवठा तुटतो, पण वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक असू शकतो. म्हणून लाकडी किंवा फायबरच्या दांड्याचा, जमिनीला जोडलेला रॉड आधी आत टेकवायचा. पुरवठा बंद आहे एवढ्यावर विसंबून हात घालायचा नाही. तुमची लेक हे ऐकत मोठी झाली आहे. तिच्या मनात हे काम कुठून आलं, ते वेगळं शोधायला नको.

आता स्पष्ट बोलते. 'सुरक्षा व पर्यावरण अधिकारी' अशी प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या संस्थेची, जाहिरात निघेल, या आशेवर तिची चार-पाच वर्षं घालवू नका. तिथल्या जाहिराती सध्या बहुतेक कंत्राटी पदांच्या असतात आणि हे काम अभियांत्रिकी, प्रशासन आणि ठेकेदार यांच्यात वाटलेलं असतं. काम भरपूर आहे, पण त्याला एक खुर्ची नाही. म्हणून तिनं आधी ही विद्या कारखान्यात किंवा वीज कंपनीत शिकावी आणि मग प्रसारणाकडे वळावं, असं माझं मत आहे.

काम भरपूर आहे म्हणते, कारण मी ते जवळून पाहिलंय. आकाशवाणीच्या मीडियम वेव्ह प्रसारणाचा मनोरा हाच अँटेना असतो. तो इन्सुलेटरवर उभा असतो आणि प्रसारण चालू असताना जमिनीवरून त्याला हात लागला तर माणूस भाजतो. म्हणून भोवती कुंपण. पण तांबडा-पांढरा रंग द्यायला वर चढणारी पोरं बहुतेक ठेकेदाराची असतात. प्रक्षेपक बंद केलाय हे त्यांना कोणी, कधी, कुठल्या वहीत लिहून सांगितलं? सुरक्षा अधिकाऱ्याचा दिवस अशाच प्रश्नांत जातो. स्टुडिओत छताच्या जाळीला टांगलेल्या प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय एक सुटी साखळी हवी, नाहीतर क्लॅम्प सैल झाला की दिवा थेट निवेदिकेच्या डोक्यावर. आणि जुने हॅलोजन काढून एलईडी बसवले की विजेची बचत दोनदा होते. दिवा कमी वीज खातो आणि त्याच्या उष्णतेपायी चालणारा एसीही.

तिच्या रसायनशास्त्राचा खरा उपयोग तर तुमच्या बंद केंद्रापाशीच आहे. मोजकी ठिकाणं सोडून दूरदर्शनची अॅनालॉग, म्हणजे जुन्या पद्धतीची, प्रक्षेपणं 2022 च्या मार्चअखेरपर्यंत बंद झाली. मग तिथल्या बॅटऱ्या, ट्रान्सफॉर्मरचं तेल, प्रक्षेपकातल्या जुन्या व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या), सर्किट बोर्ड, हे सगळं कुठं गेलं? शिसं आणि आम्ल असलेली बॅटरी भंगारवाल्याच्या अंगणात फोडली गेली तर ते शेजारच्या विहिरीत उतरतं. 2022 च्या ई-कचरा आणि बॅटरी कचरा नियमांनुसार असे बोर्ड आणि बॅटऱ्या रीतसर नोंदणी असलेल्यांकडेच जायला हव्यात. किलोचा भाव जास्त देणाऱ्याला विकून टाकल्या, असं चालत नाही. हे तपासायला रसायनं कळणारा माणूस लागतो.

तिसरी गोष्ट उत्तरदायित्वाची. प्रसार भारती 1990 च्या कायद्यानं 1997 साली उभी राहिली. तिचे हिशेब महालेखापरीक्षक तपासतात, वार्षिक अहवाल संसदेपुढे जातो आणि माहिती अधिकार तिला लागू आहे. खासगी वाहिनीला विचारता येत नाही ते इथं दहा रुपयांत विचारता येतं. म्हणूनच मला तिचं स्वप्न आवडलं. इथं सुरक्षिततेचा कागद केवळ साहेबाच्या कपाटात राहत नाही, तो कुणीही मागू शकतो.

तुम्ही छत्तीसगडमधल्या दंतेवाड्याचा उल्लेख केलात. 30 ऑक्टोबर 2018 ला निवडणुकीचं वार्तांकन करताना दूरदर्शनचे कॅमेरामन अच्युतानंद साहू माओवाद्यांच्या हल्ल्यात गेले, सोबतचे पोलीसही गेले. तुमची भीती मला समजते. मी तिला 'बाहेर जाऊ नकोस' म्हणणार नाही. मी म्हणेन, चमू निघण्याआधी रस्ता कोणी ठरवला, परतायची वेळ काय, विमा कंत्राटी माणसालाही आहे का, हे विचारणारी व्यक्ती तू हो. रात्रपाळीबद्दल तिच्या आईची काळजी आहे, तिलाही सांगा: 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा हंगामी आणि रोजंदारीवरच्या बाईलाही लागू आहे, म्हणजे नैमित्तिक उद्घोषिकांनाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कार्यालयात तक्रार समिती असलीच पाहिजे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिच्या सदस्यांची नावं विचारायची, लाजायचं नाही.

वाट अशी. बीएस्सी रसायनशास्त्रातच पूर्ण करू द्या, विषय बदलू नका. सेफ्टी ऑफिसरच्या पात्रतेत भौतिक किंवा रसायनशास्त्राची पदवी धरतात, पण इंजिनिअरपेक्षा अनुभवाची वर्षं जास्त लागतात. म्हणून पदवीनंतर आधी एखाद्या कारखान्यात उत्पादन किंवा प्रयोगशाळेत नोकरी, मग औद्योगिक सुरक्षेची एक वर्षाची पदविका. शीव इथल्या केंद्रीय श्रम संस्थेत किंवा राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या मान्यताप्राप्त संस्थेत ती होते. प्रवेशाच्या चालू अटी तिथंच विचारून घ्या, दलालाकडून नको. त्या पात्रतेत एक अट मला फार मोलाची वाटते: बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. तिचं मराठी चांगलं आहे, ते सोडू देऊ नका. मनोऱ्यावर चढणाऱ्या पोराला इंग्रजी पाटी कळत नसेल तर ती पाटी फुकट.

बी.एड.ला मी नाही म्हणत नाही. पण ते तिचं नाही, तुमच्या काळजीचं आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

या सुट्टीत एक करा. दोघांनी बसून माहिती अधिकाराचा एक अर्ज लिहा, साध्या मराठीत, तीनच प्रश्न: तुमच्या केंद्रातल्या बॅटऱ्या किती होत्या, कधी आणि कुणाला दिल्या, त्याची पावती. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. आलं की मला पाठवा. त्या बॅटऱ्यांचे नंबर तुम्हाला तोंडपाठ असतील, पावतीशी ते जुळतात का हे तिला तुमच्याकडूनच शिकू द्या.