म्हसवडचा रेडिओ सुरू कसा झाला?

प्रश्न: ताई, आमची आत्या म्हसवडला असते, तिकडे गावचाच रेडिओ लागतो म्हणे. एवढ्याशा गावाला स्वतःचं स्टेशन कसं काय मिळालं?

उत्तर: लागतो ना, माणदेशी तरंग वाहिनी, 90.4 एफएम! बघ, 1995 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, कुणा एकाची मक्तेदारी नाही, पण तरी 2002 मध्ये अशा छोट्या, लोकांसाठीच्या सामुदायिक रेडिओची परवानगी मिळाली ती फक्त शिक्षणसंस्थांना, आणि गावात काम करणाऱ्या सामाजिक संस्थांना दार उघडलं ते थेट 2006 ला. मग 2008 मध्ये माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला हे स्टेशन सुरू केलं. चेतना सिन्हांची संस्था, त्यांच्याच पुढाकाराने 1997 ला बायकांची सहकारी बँक पण तिथे उभी राहिलीय.

ट्रान्समीटर छोटाच असतो अशा स्टेशनांचा, दहा-बारा किलोमीटरपर्यंत आवाज जातो, बास. पण मला तर तेच भारी वाटतं, कारण म्हसवड ज्यात येतं तो साताऱ्याचा माण तालुका म्हणजे कायमचा दुष्काळी, तिथल्या बाईला पाण्याचं, शेळ्यांचं, बचतीचं कुणीतरी तिच्याच बोलीत सांगतंय आणि जात्यावरच्या ओव्या गाणारी बाई पण आपल्यातलीच, हे मुंबई-पुण्याच्या स्टेशनवरून कसं होणार सांग? बातम्या मात्र स्वतःच्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावाव्या लागतात, हा नियम मला अजिबात पटत नाही.

आत्याकडे गेलीस की मोबाईलला इयरफोन लाव, तोच अँटेनाचं काम करतो, आणि 90.4 लावून बघ.