नागपूरहून समृद्धी महामार्गाने नेहमी जायचं असेल, तर गाडीच्या ५ स्टार सुरक्षा रेटिंगवर किती विसंबायचं?

रेटिंग जरूर बघा. दोन आणि पाच स्टारमध्ये जीव वाचण्या-न वाचण्याइतका फरक पडू शकतो. पण चाचणी कशाची होते तेही बघा. भारत एनकॅप या गाड्यांना स्टार देणाऱ्या आपल्या देशातल्या चाचणीत (ऑक्टोबर २०२३ पासून) गाडी ताशी ६४ किमी वेगाने, समोरचा ४० टक्के भाग लागेल अशी, चेपणाऱ्या अडथळ्यावर आदळवतात. समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे. त्या वेगाला धडकेची ऊर्जा सुमारे साडेतीन पट होते. तेवढी झेलायची परीक्षा त्या गाडीने दिलेलीच नसते.

दुसरं म्हणजे वजन. ही समोरची धडक साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी झाल्यासारखी असते, म्हणून ५ स्टार हॅचबॅक आणि ५ स्टार एसयूव्ही समोरासमोर आल्या तर दोघींना सारखाच मार बसत नाही. आणि उभ्या ट्रकच्या मागून गाडी आत घुसली, तर बोनेटऐवजी काचेवरच आघात येतो. ते या चाचणीत येत नाही.

शिवाय चाचणीतल्या डमींना (माणसांच्या जागी बसवलेल्या पुतळ्यांना) पट्टे बांधलेले असतात. आपल्याकडे मागे बसणारे बरेच जण बांधतच नाहीत, याची मला फार काळजी वाटते. वर्धा रोडवर जरा जायचं असलं तरी मागच्यांना आधी पट्टा लावायला सांगा.