खिळे न ठोकता काढता-घालता येणारी नाल जमेल का?

प्रश्न: घोड्याला दरवेळी खिळे ठोकून नाल मारण्यापेक्षा मापाप्रमाणे कमीजास्त होणारी, हवी तेव्हा काढता येणारी नाल बनवायचा विचार आहे. मधे स्क्रू टाकून दोन तुकडे जोडले तर चालेल का?

उत्तर: कल्पना जुनीच आहे बरं का, रोमन लोकांकडेसुद्धा खुराला दोरी-पट्ट्याने बांधायच्या लोखंडी चपला होत्या. तुमच्या स्क्रूबद्दल म्हणाल तर रुंदी कमीजास्त होईल, पण खरी गोम टाचेला आहे. घोडा वजन टाकतो तेव्हा खूर टाचेकडे किंचित फाकतो, म्हणून तर नाल मारणारा नालबंद खिळे पुढच्या अर्ध्या भागातच मारतो आणि टाच मोकळी ठेवतो, मग तुम्ही दोन्ही बाजू मागून घट्ट आवळल्या तर ते फाकणंच बंद होणार ना! जोड पुढे खुराच्या टोकाकडे घ्या, मागे लवचीक रबर किंवा पॉलियुरेथेन (रबरासारखं चिवट प्लास्टिक) ठेवा. आणि स्क्रूत माती-खडे जाऊन तो जाम होतो, धक्क्यांनी सैलही होतो, त्यामुळे लॉकनट (धक्क्यांनी सैल न होणारा नट) लागेलच.

नाल बांधायला पट्टा वापरलात तर खुराच्या वरची कातडी सोलते का ते रोज बघा, आत चिखल राहिला तर खूर सडतो. शिवाय खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिमी वाढतो, म्हणजे नाल कितीही अ‍ॅडजस्टेबल असली तरी दीड-दोन महिन्यांनी खूर तासायला नालबंद लागणारच, तो खर्च काही वाचत नाही. पहिला नमुना घोडा चालवतानाच तपासा, लगेच दौडवू नका, पायातून अर्धवट सुटलेली नाल दुसऱ्या पायाला लागली तर जखम वाईट होते.