बी.पी.एड. (शारीरिक शिक्षण पदवी) प्राध्यापकांचं साहस प्रशिक्षण: माझा अनुभव

सर, साहस शिक्षणाच्या प्रशिक्षणाला जायचंय आणि ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ म्हणून अर्ज परत आला, असं तुम्ही लिहिलंय. वाचून राहवलं नाही.

माझा अख्खा हंगाम यातच गेला. एका कार्यालयात म्हणाले, साहस म्हणजे पर्यटन, तिकडे जा. तिकडे म्हणाले, कॉलेज आहे ना, मग शिक्षण खातं बघेल. लेखी कोणीच देईना. तोंडी मात्र ‘होऊन जाईल मॅडम’. दिवाळी गेली, थंडी गेली. मंजुरी आली एप्रिलमध्ये, तेव्हा आमचा चढाईच्या सरावाचा, ठाण्याजवळच्या मुंब्र्याचा कातळ तापलेला आणि कॉलेजात परीक्षा. ती बॅच या विषयाला हात न लावता शिक्षक होऊन बाहेर पडली. त्याचा राग अजून आहे.

म्हणून अर्ज सहलीचा वाटता कामा नये. अभ्यासक्रमातला घटक जोडा, आवक क्रमांक घ्या, ड्यूटी लीव्हचा आदेश हातात आल्याशिवाय फी भरू नका. राज्याचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. त्यानुसार असे उपक्रम घेणाऱ्या संस्थेला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते, तिची प्रत आधीच लावा. (मी कायद्याची जाणकार नाही, शासन निर्णय स्वतः वाचा.)

आता माझं ठाम मत. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स चांगलाच आहे, पण तो स्वतः चढायला शिकवतो. इतरांना शिकवण्यासाठी तिथेही मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन हा वेगळा कोर्स आहे, तोही अ‍ॅडव्हान्सनंतर. आपल्याला तेवढं लागत नाही. आपल्याला जाणकारासमोर गट हाताळायचा सराव हवा, आणि नंतर मुलांना बोलतं करायचा. शिक्षणतज्ज्ञ कोल्बचं अनुभव आणि चिंतनाचं चक्र आपण वर्गात शिकवतो. शिबिरात मात्र अनुभव संपला की थेट जेवण. संस्थेला आधी विचारा, चर्चेला किती वेळ ठेवलाय? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी संस्था बघा.

रॅपलिंगने, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याने, सुरुवात नकोच. फोटो छान येतात, पण एक मूल दोरावर आणि बाकीची रांगेत. आपले विद्यार्थी उद्या मुंबईतल्या अशा शाळांत जाणार, जिथे मैदान म्हणजे दोन इमारतींमधली जागा. गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेल्या दोरावरून अख्खा गट पार करणं, तोल गेलेल्याला सावरायला दोन्ही बाजूंनी मुलं उभी करणं, आवारातच नकाशावाचन, हे त्यांना घेता आलं पाहिजे. एखादं मूल नको म्हणालं तर जबरदस्ती नाही, पण गटात त्याला काम हवंच.

पावसाळ्यात कातळावर जाऊ नका, शेवाळ असतं. ते महिने जिमखान्यात गाठी आणि बिलेच्या (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळण्याच्या) सरावाला वापरा. अर्जाचा मसुदा हवा असेल तर सांगा, पाठवते.